घरगुती सफाईची द्रवं : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते मे २०२५

९ फेब्रुवारी २०२५

काय काय साफ करायचं याची यादी आधी केली. ती खोल्यांप्रमाणे न करता घाणीच्या जातीप्रमाणे मांडली, म्हणजे कुठे कोणतं द्रव लागणार ते आपोआप ठरतं. नळावरचे पांढरे डाग, बादलीचा तळ, किटलीतली खरपुडी हे क्षार. त्यांना आंबट लागतं. ओट्यामागच्या टाइल्स, चिमणीची जाळी, पंख्याची पाती हा तेलाचा चिकटा. त्याला सोडा किंवा फेस. तांब्या-पितळेचं काळवंडणं वेगळंच, त्याला आंबट आणि मीठ दोन्ही. साधी धूळ यादीत घेतली नाही, तिला ओलं फडकं पुरतं.

यादीला एक जादा रकाना जोडला : खाली दगड कोणता आहे? आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही त्यातलाच. जुन्या घरांतली मोझॅक फरशी म्हणजे सिमेंटात बसवलेले संगमरवराचे तुकडे. यांतल्या कशावरही लिंबू, व्हिनेगर, चिंच किंवा बायो-एन्झाइम (गूळ आणि फळांच्या साली पाण्यात आंबवून केलेलं द्रव) पडलं की दगडाचा वरचा थर विरघळतो आणि तिथे निस्तेज ठिपका उरतो. तो डाग नव्हे, दगडच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे घासून जात नाही. पॉलिशच करावं लागतं. कडप्प्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवला की काही दिवस झाकतो, एवढंच.

काळा ग्रॅनाइट आणि कडप्पा यांत लोक हमखास गोंधळतात. ग्रॅनाइटमध्ये जवळून पाहिलं की दाणे दिसतात, मध्येच चमचमणारा कण असतो. कडप्पा एकसारखा काळपट. तरी शंका असेल तर ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब पाच मिनिटं ठेवून पुसायचा आणि वाळल्यावर तिरक्या उजेडात पाहायचं. बुडबुडे दिसलेच पाहिजेत असं नाही. कडप्प्यावर बऱ्याचदा नुसता फिका वर्तुळाकार ठसा उठतो. तेवढा पुरावा पुरे.

बायो-एन्झाइमला तीन महिने लागतात म्हणून त्याचा कॅन आजच भरला. गूळ, साली आणि पाणी यांचं प्रमाण सगळीकडे चालतं तेच, १ : ३ : १०. थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूम्पानवोंग यांनी हे प्रमाण लोकांपर्यंत नेलं. पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये ३०० ग्रॅम गूळ, ९०० ग्रॅम साली आणि ३ लिटर पाणी. मृग बहाराची नागपुरी संत्री बाजारात असल्यामुळे साली मिळायला अडचण नाही. जोडीला मोसंबी आणि थोडं लिंबू. काही बारकावे :

गूळ काळसर, बिनरसायनाचा घ्यावा आणि पाण्यात आधी पूर्ण विरघळवावा. तळाशी खडे राहिले तर आंबणं रेंगाळतं.

साली बोटभर लांबीच्या चिरल्या, कॅनच्या तोंडातून जातील आणि काढताही येतील अशा. शिजवलेलं, तेल-मीठ लागलेलं काहीही टाकू नये. सडका भाग कापून टाकावा. एका काळ्या फोडीने सगळा कॅन नासू शकतो.

वर जागा मोकळी हवी. काचेची बरणी घेऊ नये. वायू धरून बसला तर काच फुटते आणि तुकडे लांबवर उडतात.

झाकणावर तारीख, साली कोणत्या आणि गाळण्याची तारीख लिहून चिकटपट्टी लावली.

१२ फेब्रुवारी

कॅन फुगायला लागला. गुळातल्या साखरेची यीस्ट दारू करतं आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतो. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडायचा, साली दाबून पाण्याखाली ढकलायच्या, झाकण परत लावायचं. साली वर तरंगत कोरड्या राहिल्या की तिथेच बुरशी धरते. एकदा फुगणं मंदावलं की आठवड्यातून एकदा पुरतं.

१६ फेब्रुवारी

रिठा. या सगळ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून नोंद मोठी.

वाळलेले रिठे बियांसकट विकतात. काम टरफलात असतं, बी निरुपयोगी. बी न काढता मिक्सरला लावलं तर पातं जातं. टरफल चांगलं असेल तर बोटाला किंचित चिकट लागतं आणि उजेडात धरल्यावर तपकिरी, अर्धपारदर्शक दिसतं. काळंठिक्कर, खुळखुळीत कोरडं टरफल जुनं. फेस कमी देतं. आपल्याकडच्या झाडाचं फळ तिघांचं जोडफळ असतं, उत्तरेकडचं सुटं आणि मोठं. दोन्ही चालतात.

बी काढलेली १०० ग्रॅम टरफलं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवली. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळली. भांडं द्रवाच्या दुप्पट मापाचं घ्यावं. उकळी आली की फेस दुधासारखा वर चढतो, आणि गॅसवर सांडला तर बर्नरची भोकं बुजतात. गार झाल्यावर हाताने चुरून सुती फडक्यातून गाळलं. चोथ्यात अर्धा लिटर पाणी घालून पुन्हा दहा मिनिटं उकळलं आणि तेही त्यात मिसळलं. आटणं जाऊन साधारण सव्वा लिटर गडद, मधाच्या रंगाचं पाणी हाती येतं. हातमोजे नसतील तर चुरल्यावर हात लगेच धुवावेत, आणि तो हात डोळ्याला लावू नये. रिठ्याची डोळ्यांतली आग साबणापेक्षा जास्त असते; गेलंच तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवायचं.

फेस पाहायची सोपी पद्धत : झाकणाच्या बाटलीत १०० मिली पाणी, त्यात ५ मिली रिठ्याचं पाणी, दहा वेळा जोरात हलवायचं. पाच मिनिटांनंतरही बोटभर फेस टिकला तर माल चांगला.

बोअरच्या पाण्यात रिठ्याचा खरा फायदा कळतो. साबण कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून दह्यासारखी साय धरतो; बाथरूमच्या बादलीवरचा राखाडी थर तोच. रिठ्यातल्या सॅपोनिनला, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकाला, कॅल्शियमशी देणंघेणं नाही, त्यामुळे कठीण पाण्यातही फेस येतो आणि साय जमत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट. बोअरचं पाणी या सवलतीच्या आकड्याजवळ असेल तर साबणाच्या जागी रिठा घेण्यात अर्थ आहेच.

आता मर्यादा. तेलकट कढई एकट्या रिठ्याने निघत नाही. आधी कागदाने किंवा चुलीच्या राखेने तेल टिपून घ्यायचं, मग रिठा. राख लाकडाची हवी, तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. दगडी कोळशाची राख नुसती खरखरीत. नॉनस्टिक आणि चकचकीत स्टीलवर राख ओरखडे पाडते. कपड्यांत रिठा मळ सोडवतो, पण पाण्यात धरून ठेवत नाही, म्हणून पांढऱ्या सुती कपड्यांना दोन-तीन धुण्यांत करडी झाक येते. रेशीम आणि लोकर मात्र रिठ्याचीच. पैठणीला बादलीभर गार पाण्यात ५० मिली, दहा मिनिटं, पिळायचं नाही. कच्च्या रंगाची भीती असेल तर पदराचा आतला कोपरा आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा.

माशांच्या टाकीजवळ किंवा तळ्यात हे पाणी जाऊ देऊ नये. सॅपोनिनने माशांचे कल्ले निकामी होतात. रिठा पूर्वी मासे गुंगवायला वापरत ते याच गुणामुळे.

२० फेब्रुवारी

रिठ्याचं पाणी बाहेर ठेवलेल्या बाटलीत चौथ्या दिवशी आंबट वास, वर बारीक बुडबुडे. अपेक्षितच होतं : त्यात साखर असते, आणि उकळल्याने ते कायमचं टिकत नाही. तीन उपाय शेजारी शेजारी ठेवले आहेत.

एक, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या. एक वडी भांड्यांच्या एका खेपेला पुरते. सगळ्यात खात्रीचा मार्ग, फक्त डब्यावर ठळक अक्षरांत ‘रिठा’ लिहावं. गुळाच्या सरबतासारखाच रंग असतो.

दोन, लिटरला एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून फ्रिजमध्ये. पंधरवडा निघतो.

तीन, त्याच आंबट पाण्यात लिटरला १ ग्रॅम सोडियम बेंझोएट. हे बाहेरही टिकतं. बेंझोएट काम करतं ते पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट जास्त) साडेचारच्या खाली असेल तरच. आंबट न करता नुसतं बेंझोएट घातलं तर पैसे वाया. ‘नैसर्गिक’ म्हणून परिरक्षक टाळायचा असेल तर थोडं थोडं करा. नासलेलं द्रव भांड्यांना लावण्यात नैसर्गिक काही नाही.

९ मार्च

क्षार. लिंबं पिळत बसण्यापेक्षा किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड घ्यावं. तेच आम्ल, मोजून घेता येतं, वास नाही, साल-गर नाही. हिशेब असा : १०० ग्रॅम कोरडं सायट्रिक अ‍ॅसिड साधारण ७८ ग्रॅम चुनखडी विरघळवू शकतं. बाजारातलं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं, म्हणजे बाकी सगळं पाणीच.

किटली : एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, अर्धा तास. उकळू नये. सायट्रिक अ‍ॅसिड क्षाराशी जुळून जो कॅल्शियम सायट्रेट होतो तो गरम पाण्यात कमी विरघळतो, आणि उकळत्या किटलीत तळाला नव्याने पांढरी पूड बसते. मग लोक म्हणतात, ‘अ‍ॅसिडने काहीच झालं नाही.’ दोनदा खळबळून, एकदा साधं पाणी उकळून टाकायचं.

नळ : त्याच द्रवात भिजवलेलं फडकं गुंडाळून वीस मिनिटं. रात्रभर ठेवायचं नाही. क्रोमला आधीच बारीक भोकं पडलेली असली तर आम्ल आत शिरतं आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. शॉवरची प्लास्टिकची जाळी काढून तासभर बुडवली, टाचणीने भोकं मोकळी केली.

टाइल्स : सिरॅमिकला धोका नाही, पण सांध्यांतलं सिमेंट आम्ल खातं. आधी भिंत साध्या पाण्याने पूर्ण भिजवायची, म्हणजे सांधे पाणी पिऊन बसतात आणि आम्ल आत ओढलं जात नाही. मग फवारा, दहा मिनिटं, ब्रश, भरपूर पाणी.

गीझरच्या टाकीला घरच्या घरी हात लावू नये.

१६ मार्च

तेलाचा चिकटा. खायचा सोडा इथे दुबळा, पीएच सव्वाआठच्या आसपास. धुण्याचा सोडा अकराच्या आसपास जातो आणि जुन्या, खवट झालेल्या तेलाला तोडतो. एक लिटर कढत पाण्यात २५ ग्रॅम, हातमोजे घालून. टाइल्सवर फडक्याने लावून पंधरा मिनिटं, मग रिठ्याच्या पाण्याने पुसून साध्या पाण्याने. शेवटचं पुसणं टाळलं तर वाळल्यावर पांढरी भुकटी दिसते.

खायचा सोडा कोरड्या लोखंडी कढईत तापवून धुण्याचा सोडा करता येतो. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५०० ग्रॅमचे साधारण ३१५ ग्रॅम उरतात. करून पाहायला ठीक. धुण्याचा सोडा दुकानात स्वस्तात मिळत असताना गॅस जाळण्यात हशील नाही.

चिमणीच्या जाळीची आधी परीक्षा. अ‍ॅल्युमिनियमची जाळी हलकी असते आणि धुण्याच्या सोड्यात काळी पडते. तो काळेपणा जात नाही. तिला गरम पाणी, रिठा आणि खायचा सोडा एवढंच. स्टीलची पट्ट्यांची जाळी असेल तर सोड्याच्या कढत पाण्यात तासभर खुशाल बुडवावी.

पंख्याच्या पात्यांवर तेल आणि धूळ मिळून जो पिवळा, वार्निशसारखा थर बसतो त्याला पातळ द्रव लागत नाही, ओघळून जातं. दोन भाग खायचा सोडा, एक भाग रिठ्याचं पाणी, असा लगदा लावून अर्धा तास. रंगवलेल्या पात्यांवर धुण्याचा सोडा वापरू नये, रंग मऊ पडतो.

२७ मार्च

रविवारी पाडवा, गुढीवरचा तांब्या आणि देवघरातली पितळी भांडी आज काढली.

५० ग्रॅम जुनी, बिया काढलेली चिंच १५० मिली गरम पाण्यात अर्धा तास, कोळून घट्ट गर, त्यात एक मोठा चमचा मीठ. आंबट काळा ऑक्साइड सोडवतं, मीठ त्याला वेग देतं. नुसत्या चिंचेने तेच काम, पण दुप्पट घासून. कोकणातल्या घरांत आमसुलं आणि मीठ चालतं, तेही इतकंच चांगलं.

पाच मिनिटांच्या वर ठेवायचं नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जास्त वेळ राहिलं तर जस्त आधी जातं आणि समई गुलाबी दिसायला लागते. गुलाबी झाक आली की घासणं थांबवायचं, धुऊन घ्यायचं आणि पुढच्या वेळी वेळ कमी करायचा.

कोरीव जागेतली हिरवी कळक दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. धुतल्यावर आंबटाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी भांडं पुन्हा डागाळतं, म्हणून शेवटी एक हात रिठ्याच्या पाण्याचा, आणि लगेच कोरडं फडकं. आपोआप वाळू दिलं की पाण्याच्या थेंबांचे डाग तसेच राहतात. कल्हईच्या भांड्यांना आतून चिंच आणि घासणी दोन्ही वर्ज्य. लॅकर मारलेल्या शोभेच्या पितळेलाही नाही, ते ठिगळासारखं निघतं.

चांदीला चिंच नको. स्टीलच्या परातीत अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर निरांजन आणि वाट्या, एक मोठा चमचा खायचा सोडा, वरून लिटरभर कढत पाणी. चांदी फॉइलला टेकलेली हवी. काळेपणातला गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो, नासक्या अंड्यासारखा थोडा वास येतो, चांदी झिजत नाही. मुद्दाम काळे केलेले दागिने आणि मोती-खड्यांच्या वस्तू यात घालू नयेत.

६ एप्रिल

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र. ही कृती वगळली आहे; तिचं कारण लिहून ठेवणं भाग आहे. एक मोठा चमचा, सुमारे १५ ग्रॅम सोडा, ४ टक्के व्हिनेगरच्या २७० मिलीला पूर्ण मारतो. उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी आणि उडून गेलेला वायू. ना आंबट, ना सोडा. फसफस दिसायला छान, बुडबुड्यांनी सैल कचरा थोडा हलतो, बस. बंद बाटलीत कालवून ठेवलं तर बाटली फुटते.

मोरीच्या नळीतला तेलाचा गोळा काढायला १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, वरून दोन लिटर गरम पाणी, अर्धा तास. पाणी हाताला सोसेल त्याच्या थोडंसंच वर. उकळतं पाणी पीव्हीसी पाइप मऊ करतं आणि सांधा सुटतो. केसांचा गुंता मात्र कोणत्याच द्रवाने जात नाही. जाळी उचलून तारेच्या आकड्याने ओढायचा.

याच पानावर लाल शाईत : यांतलं कोणतंही आंबट द्रव ब्लीचजवळ न्यायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि संडास-बाथरूम बंद जागा असतात. दुकानातला टॉयलेट क्लीनरही बहुतेक आम्लच असतो, त्याच्यासोबतही ब्लीच नाही.

आणि यांतलं काहीही जंतुनाशक नव्हे. घरात उलट्या-जुलाबाचा आजारी असेल तर रिठा-व्हिनेगरवर विसंबू नये. पृष्ठभाग आधी धुऊन मग ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. ५ टक्क्यांची बाटली असेल तर २० मिली घेऊन एक लिटर करायचं, त्याच दिवशी वापरायचं.

२० एप्रिल

काच. व्हिनेगर एक भाग, पाणी चार भाग. रेघा राहतात त्या व्हिनेगरमुळे नव्हे, पाण्यातल्या क्षारामुळे. आरओचं फेकलं जाणारं पाणी यासाठी सर्वांत वाईट, त्यात क्षार एकवटलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी उत्तम. ते हवेतल्या बाष्पाचं, जवळपास क्षारविरहित. धूळ बसली म्हणून सुती फडक्यातून गाळून घेतलं. आरसा पुसताना फवारा फडक्यावर, आरशावर नाही. कडेने ओलावा मागे शिरला की काळे डाग येतात.

११ मे

कॅन उघडला. वास आंबटगोड, संत्र्याचा. वरची पांढरी, सुरकुतलेली साय निरुपद्रवी, चमच्याने काढली. हिरवी-काळी केसाळ बुरशी किंवा कुजका वास असता तर सगळं फेकायचं. वरून गूळ घालून ‘सुधारतं’ असं सांगतात, त्यावर विश्वास नको. पीएचच्या पट्टीने साडेतीनच्या आसपास.

दोनदा गाळलं, सुती फडक्यातून आणि मग कॉफीच्या कागदातून. गाळ राहिला की फवाऱ्याचं तोंड बुजतं. रात्रभर ठेवून वरची निवळ तेवढी बाटलीत ओतली, झाकणं पंधरवडाभर सैल.

नाव एन्झाइमचं असलं तरी साफ करण्याचं काम मुख्यतः आत तयार झालेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड करतं. थोडं अल्कोहोल, थोडं सालीचं तेल. म्हणजे हे घरचं, वासाचं, सौम्य व्हिनेगर. त्या हिशेबाने वापर : टाइल्सच्या फरशीला बादलीत लिटरला ५० मिली, बेसिन-कमोडला तसंच न पातळ करता अर्धा तास. शहाबादी, कोटा, मोझॅकला नाही. तिथे रिठ्याचं पाणी, लिटरला २० मिली.

चोथ्यातला मूठभर पुढच्या कॅनला विरजणासारखा ठेवला, बाकी कंपोस्टात, पण माती आणि सुकी पानं मिसळून थोडा थोडा. एकदम ओतला तर ढीग आंबट होऊन गांडुळं बाहेर पळतात.

दुसरा कॅन भरला. साली आता मोसंबी-लिंबाच्या. पावसाळ्यात चिलटं फार, म्हणून झाकणाखाली सुती कापड. गाळण्याची तारीख ९ ऑगस्ट.